शुक्रवारची किरकिर

"बाई, इथे मधलंच काहीतरी गायब आहे हो," असं म्हणून त्या मुलीने कानावरचे हेडफोन काढले आणि माझ्यापुढे धरले. "निवेदक म्हणतो, टेपरेकॉर्डर तयार ठेवा, तीन, दोन, एक... आणि लगेच हवामानाच्या बातम्या! मधला खेळ कुठंय?"

मी हेडफोन हातात घेतले नाहीत. काय ऐकायचं होतं त्यात? मधलं ते मीच कापलं होतं, बारा वर्षांपूर्वी, याच टेबलाशी बसून. तसं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मी म्हणाले, "ही प्रत अर्धवट दिसतेय. मूळ रिळं खाली तळघरात असतील. शोधावी लागतील."

"मग मी पुढच्या बुधवारी येऊ?"

"ये की."

मूळ रिळं भंगारात जाऊनही बारा वर्षं झाली होती.

माझं नाव स्मिल्या. आमच्या गावच्या रेडिओत जुन्या ध्वनिफितींची जी खोली आहे, तिला आम्ही फोनोटेका म्हणतो, तिथे मी अडतीस वर्षं नोकरी करते. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं करण्यात दिवस जायचा, आणि ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. घरी गेल्यावर मी दार उघडते, दिवा लावते आणि "आले गं" असं मोठ्याने म्हणते. कुणाला म्हणते, ते विचारू नका. सवय आहे मेली.

आणि अशा माझ्या खोलीत मार्चच्या पहिल्या बुधवारी ही इस्क्रा येऊन उभी राहिली. नोवी सादला संगीत शिकते, वय बावीस, नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला. तिच्या विद्यापीठाने यंदा एक नवीनच टूम काढली होती. व्हिडिओ गेममधल्या संगीतावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला चार महिन्यांची शिष्यवृत्ती, आणि शेवटी क्राकूवच्या परिषदेत आपलं काम मांडायची संधी. साठ जणांतून हिची निवड झाली होती. तिने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं.

"गेमचं कसलं गं संगीत? ते टुंई टुंई?"

"तेच टुंई टुंई," ती म्हणाली. तिला राग आला नाही. "बाई, गेम चालवायच्या त्या जुन्या मशीनला, म्हणजे छोट्या संगणकाला, एकच आवाज काढता यायचा. एका वेळी एक सूर, बस्स. आणि तुमच्या गावचे एक गणिताचे मास्तर होते, ओस्तोया नावाचे. त्यांनी त्या एका आवाजातून तीन काढले. सूर इतक्या भराभर बदलायचे की कानाला वाटावं तिघं मिळून गातायत. असं या देशात पहिल्यांदा त्यांनी केलं, असं तेव्हाच्या एका मासिकात दोन ओळींत छापलंय. पण ते गाणं कुणाकडेच नाही. मास्तर गेले. बहीण कॅनडाला, तिने सगळं फेकून दिलं. आता फक्त तुम्हीच."

फक्त तुम्हीच! असं मला शेवटचं कुणी म्हटलं होतं कोण जाणे.

ओस्तोया मास्तर मला आठवत होते. उंच, खांदे पुढे आलेले, कोटाच्या खिशात रेडिओवर लावायला आणलेली त्यांच्या खेळाची कॅसेट. त्या काळात खेळ विकत कुठे मिळायचे? परदेशातून लपवून आणलेलं मशीन असायचं एखाद्या घरात, आणि खेळ जायचे हवेतून. दर शुक्रवारी संध्याकाळी तरुणांच्या कार्यक्रमात आमचा निवेदक सांगायचा की टेपरेकॉर्डर तयार ठेवा, आणि मग सहा-सात मिनिटं आम्ही नुसती किरकिर प्रसारित करायचो. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. ती घरोघर टेप व्हायची, मग ती टेप मशीनला ऐकवली की पडद्यावर खेळ उभा राहायचा. आणि त्या वेळात रेडिओतला फोन उचलायचं काम माझं.

"अगं बाई, माझा रेडिओ मेला!" म्हाताऱ्या ओरडायच्या.

"आजी, रेडिओ धडधाकट आहे. घरात नातू आहे का?"

"आहे की. त्यानेच बिघडवला असणार कार्ट्याने!"

हे मी सांगितलं तेव्हा इस्क्रा इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. मग म्हणाली, "आणखी सांगा ना, मावशी." पहिल्याच दिवशी, तिसऱ्या तासाला, मी बाईची मावशी झाले.

आता कापलं का, ते सांगते. दोन हजार सात साली वरून हुकूम आला की सगळी रिळं संगणकावर घ्या आणि खोली रिकामी करा. भाषण आणि संगीत ठेवा, बाकीचं काढा. शेजारच्या गावांना या कामाला तीन-तीन वर्षं लागली. मी एका वर्षात संपवलं. आई तेव्हा आजारी नव्हती, घरी जेवण तयार असायचं, मी सकाळी सातला येऊन बसायची. प्रत्येक रीळ ऐकलं, खोकले काढले, खुर्च्यांची करकर काढली. शुक्रवारची किरकिर आली की हात आपोआप जायचा. कापलं, जोडलं, पुढे. काय कापलं ते वहीत लिहून ठेवलं, तारीख, वेळ, लांबी. माझं काम चोख असतं. मला प्रशस्तिपत्र मिळालं त्याचं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. तो खेळ आहे, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या किरकिरीच्या पोटात गाणं आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या बुधवारी मी खसखस भरून भाजलेली गोड श्ट्रुडल करून नेली. आई गेल्यापासून मी श्ट्रुडल केली नव्हती. एकटीसाठी कोण ताणत बसतंय ते पीठ टेबलभर? मंगळवारी संध्याकाळी ताणलं. दोन ठिकाणी फाटलं, पण गुंडाळल्यावर कळत नव्हतं. इस्क्राने चार तुकडे खाल्ले आणि बोटं चाटत विचारलं, "तळघराचं काय झालं, मावशी?"

"किल्ली व्लास्ताकडे असते," मी म्हणाले. व्लास्ता म्हणजे आमचे संचालक, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "तो बेलग्रेडला गेलाय."

व्लास्ता भिंतीपलीकडे बसून दात कोरत होता.

तिसऱ्या बुधवारी मी सांगितलं की तळघरात उंदीर झालेत, औषध मारलंय, आठ दिवस जाता येणार नाही. खोटं बोलायचं म्हटलं की सुचत जातं, त्याला शिक्षण लागत नाही. मधल्या वेळात मी तिला इतर टेपा काढून देत होते. जुन्या मुलाखती, तरुणांच्या कार्यक्रमाचे इतर भाग. ती ऐकायची, लिहायची, मधेच मान वर करून काही विचारायची. तुम्हाला नाचायला आवडायचं का, मावशी? तुम्ही कधी समुद्रावर गेलात? तुमची आई कशी होती? लोक सांगतात तसं नाही, खरं सांगा! मी खरं सांगितलं. आई कजाग होती, आणि मला तिची रोज आठवण येते.

इस्क्रा तिच्या आईविषयी बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "आईला वाटतं मी चार महिने व्हिडिओ गेम खेळतेय. शेजारणींना सांगते, मुलगी पियानो शिकते म्हणून."

"नोकरी लागेल का गं यातून?"

"क्राकूवला नीट झालं तर पुढच्या शिक्षणाला घेतील. नाही झालं, तर आहेच मग पियानो. लग्नांमध्ये वाजवेन."

ती हसत म्हणाली.

चौथ्या बुधवारी, सत्तावीस मार्चला, ती आली ती कोट न काढताच बसली. "मावशी, मला खरं खरं सांगा. बाई म्हणाल्यात, आमच्या प्राध्यापिका, एकतीस तारखेपर्यंत विषय बदलता येईल. त्यानंतर नाही. मूळ ध्वनिफीत जोडली नाही, तर सगळं काम बाद. माझ्याकडे दुसरा विषय आहे, सुबोतित्साच्या एकाने घरी जपून ठेवलेल्या टेपा. तेवढा भारी नाही, पण आहे. बदलू का?"

बघा. देवाने इतकं सोपं करून माझ्यापुढे ठेवलं होतं. बदल म्हणायचं, तीन अक्षरं. ती बदलून सुबोतित्साला गेली असती, तिचं भलं झालं असतं.

आणि पुढच्या बुधवारी ही खुर्ची रिकामी असती.

"थांब गं," मी म्हणाले. "एवढी घाई कशाला? मिळतील रिळं."

तिचा चेहरा असा खुलला की मला तो बघवेना. मी कॉफी करायला उठले आणि कॉफी उतू घालवली.

रविवारी एकतीस तारीख होती. मी दिवसभर फोनजवळ बसून होते. तिचा नंबर होता माझ्याकडे. संध्याकाळी साडेसहाला मी तो फिरवला, एकदा वाजला, आणि ठेवून दिला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सोमवार उजाडला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

तीन एप्रिलला इस्क्रा आली ती उड्या मारतच. अहवालाचा मसुदा झाला होता. "सगळं लिहून तयार आहे, फक्त गाण्याची जागा मोकळी ठेवलीय. आणि हे ऐका, हे पहिल्या पानावर." तिने घसा साफ केला आणि वाचलं, "फोनोटेकाच्या स्मिल्याबाईंचे मी मनापासून आभार मानते. त्यांच्या प्रामाणिक मदतीशिवाय हे काम झालंच नसतं."

मी कपाट उघडलं. वही खालच्या कप्प्यात होती. पान काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. एकवीस फेब्रुवारी शहाऐंशीचा कार्यक्रम. किरकिर, सहा मिनिटं चाळीस सेकंद. काढली. खाली माझी सही.

तिने वाचलं. परत वाचलं. "म्हणजे तळघरात..."

"तळघरात काही नाही. कोळसा आहे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी विचारलं तेव्हा? बदलू का म्हणून विचारलं मी तुम्हाला!"

"तेव्हाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आई असती तर वही माझ्या डोक्यात घातली असती आणि मोकळी झाली असती. या मुलीने कागद गोळा केले, एक खाली पडला तो वाकून उचलला, आणि "येते, बाई" म्हणून गेली. त्या दिवशी आणलेली श्ट्रुडल तशीच राहिली. मी ती घरी नेली नाही, दारवानाला देऊन टाकली.

दहा दिवसांनी व्लास्ताने मला बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. ध्वनिफितींचं नेमकं काय झालं ते लेखी कळवावं. विद्यार्थिनीची चूक नसल्याचं सिद्ध झालं, तर तिला नवीन विषय घेऊन शरद ऋतूपर्यंत मुदत देता येईल. चूक तिची निघाली, तर शिष्यवृत्ती रद्द.

"सोपं आहे," व्लास्ता म्हणाला. "तळघरात पाण्याचा नळ फुटला, रिळं भिजली. संपलं. कुणाचंच नाव नको, रेडिओचंही नको. तुम्ही फक्त सही ठोका, शिक्का मी मारतो."

"आणि ते विचारतील, नळ फुटला होता तर पोरगी चार आठवडे इथे काय करत होती? तिने पहिल्याच दिवशी चौकशी का नाही केली?"

"ते तिचं तिने बघावं. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय, स्मिल्याबाई. शेवटच्या वर्षी कशाला उगाच अंगाला लावून घेताय?"

"अंगाला आहेच लागलेलं," मी म्हणाले. "कागद दे."

मी तिथेच बसून लिहिलं. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज लावत आले, स्वतःचं असं चार ओळींपेक्षा जास्त कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं की मूळ रिळं मी भंगारात दिली. किरकिर मी कापली, आणि तो खेळ आहे हे माहीत असताना कापली. विद्यार्थिनीने चारही बुधवारी विचारणा केली. चारही वेळा मी तिला खोटं सांगितलं, आणि सत्तावीस मार्चला तिने विषय बदलण्याबद्दल विचारलं तेव्हा तिला मीच थांबवलं. तिचा काहीही दोष नाही. एवढं लिहून पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. कारण असं का केलं, ते कुणीही विचारणारच. शेवटी लिहिलं, मी एकटी राहते आणि मला तिचं येणं हवं होतं.

व्लास्ताने वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. "बाई, बाकीचं राहू द्या एक वेळ. पण हे शेवटचं वाक्य तरी काढा. लोक हसतील हो."

"काढायचं काम केलं मी एकदा, व्लास्ता. आता नाही. शिक्का मार."

कागद न्यायला इस्क्रा स्वतः आली, कारण आमच्याकडे शाईच्या ओल्या शिक्क्याच्या मूळ कागदाशिवाय कुणी कशावर विश्वास ठेवत नाही. बुधवार नव्हता, गुरुवार होता. तिने कागद उभ्यानेच वाचला. शेवटाला आल्यावर तिचे डोळे तिथेच थांबले.

"हे समिती वाचेल," ती म्हणाली.

"वाचू दे."

"प्राध्यापिका वाचतील. फाइलीत राहील कायमचं."

"राहू दे."

तिने कागदाची घडी केली नाही, शिक्का पुसेल म्हणून. जपून एका पुठ्ठ्यात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नुसतं सांगितलं असतं ना, बाई, की गाणं नाहीये पण येत जा, तरी मी आले असते. सुबोतित्साची बस इथूनच बदलावी लागते. त्या आज्ज्यांच्या फोनच्या गोष्टींसाठी आले असते."

मुदत आता मिळेल तिला, क्राकूवही होईल. मला मात्र जे हवं होतं, तेच मी माझ्या हाताने घालवलं होतं, आणि मला ते फुकट मिळत होतं.

"बस किती वाजता आहे तुझी?" मी विचारलं.

"बारा दहा."

अकरा पंचावन्न झाले होते. "जायच्या आधी एखादं ऐकवशील? दुसरं कुठलंही. अडतीस वर्षांत मी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही. किरकिरच ऐकली नुसती."

तिने घड्याळ बघितलं, मग मला. वाटलं नाही म्हणेल. पण तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, छोटा कॅसेट प्लेअर काढला, वायर जोडली. "सुबोतित्साची टेप आहे. आधी सगळी किरकिर मशीनला ऐकवावी लागते. मधे थांबवता येत नाही. सहा मिनिटं जातील."

"चालेल."

तिने बटण दाबलं. तोच आवाज, पत्र्यावर खिळा. पडद्यावर निळ्या-पिवळ्या रेघा पळू लागल्या. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, तिच्या नेहमीच्या, खिडकीकडच्या. त्या आवाजात बोलता येण्यासारखं नव्हतं. ती रेघांकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. नाकाचा शेंडा आता लाल नव्हता, थंडी संपली होती. केस कापले होते तिने. मला ते विचारायचं होतं, कधी कापलेस म्हणून.

भिंतीपलीकडून व्लास्ता ओरडला, "काय चाललंय काय तिकडे? बंद करा ते!" मी उठून दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो संपू नये असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. अगदी मनापासून वाटलं. चालू दे, संध्याकाळपर्यंत चालू दे.

किरकिर थांबली. आणि त्या लॅपटॉपच्या फुटकळ स्पीकरमधून एक बारीक सूर निघाला, त्याच्यामागून दुसरा, जणू कुणी कुणाला हाक मारून पुढे निघालंय.

इस्क्रा उठली होती, जाकिटाची चेन लावत होती.